अमेरिकेत प्रीमेडचे कोर्स: कोणते, कधी आणि कोणत्या क्रमाने

मेडिकल स्कूलला जाण्याआधी कॉलेजात जे ठरावीक कोर्स करावे लागतात, त्यांना इथे प्रीमेड म्हणतात. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांच्या घरांतून दर ऑगस्टच्या शेवटी मला ठरावीक फोन येतात. ‘‘मुलीनं पहिल्या सेमिस्टरला बायोलॉजी घेतलंय. केमिस्ट्री पुढच्या वर्षी घेतली तर चालेल ना?’’ आणि दोन-अडीच वर्षांनी त्यातल्याच एखाद्या घरातून दुसरा फोन येतो, ‘‘अगं, ती म्हणतेय मेडिकल स्कूलचा अर्ज एक वर्ष पुढे ढकलावा लागणार. असं कसं झालं?’’

झालं ते पहिल्या फोनच्या वेळीच. मी इथल्या एका विद्यापीठात केमिस्ट्रीच्या लॅब शिकवते, त्यामुळे गाडं नेमकं कुठे रुततं ते दरवर्षी डोळ्यांसमोर दिसतं. हुशारीत कमी पडलेली मुलं थोडी असतात. चुकीच्या सेमिस्टरला चुकीचा कोर्स घेतलेली बरीच. मुलं स्वतः काही हे मराठीत वाचणार नाहीत, याची मला कल्पना आहे. म्हणून हा लेख त्यांच्या आईबाबांसाठी, आणि मुलांना अंडरग्रॅडसाठी भारतातून इथे पाठवू पाहणाऱ्यांसाठी.

आपण बारावीत वाढलेली माणसं. वर्षभर काय केलं ते कुणी विचारत नाही, शेवटची परीक्षा काढली की झालं, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. इथे उलटं आहे. चार वर्षं कॉलेज, मग चार वर्षं एमडी किंवा डीओ (ऑस्टिओपॅथीची पदवी, तीही डॉक्टरकीचीच), मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण. आणि मेडिकल स्कूलच्या अर्जात कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरपासूनची प्रत्येक ग्रेड जशीच्या तशी दिसते. काहीही पुसलं जात नाही. खालचे सगळे टप्पे या एका गोष्टीतून निघतात.

(एमबीबीएस करून इथे येणाऱ्यांचा रस्ता वेगळा आहे: यूएसएमएलई या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षा आणि थेट रेसिडेन्सी. तो इथे घेतलेला नाही.)

## १. कोर्सच्या आधी व्हिसा बघा

हा टप्पा लोक शेवटी बघतात आणि मग हात चोळत बसतात. मूल दुसरीपासून इथल्या शाळेत शिकलेलं असलं, तरी ते एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल तर मेडिकल स्कूलच्या हिशेबी ते आंतरराष्ट्रीय विद्यार्थीच. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावाल्यांचंही तेच. बरीच मेडिकल स्कूल्स, त्यातही राज्यांची सार्वजनिक स्कूल्स, फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डधारक यांचेच अर्ज घेतात. काही खासगी स्कूल्स आंतरराष्ट्रीय विद्यार्थी घेतात, पण त्यांना केंद्र सरकारचं विद्यार्थी-कर्ज मिळत नाही, आणि काही ठिकाणी फीची मोठी रक्कम आधीच वेगळी ठेवल्याचं दाखवावं लागतं.

त्यात एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो. म्हणजे साधारण कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, नेमका अर्जाच्या तोंडावर.

भारतात बीएस्सी करून मग इथल्या मेडिकल स्कूलला अर्ज करू, असा बेत असेल तर तोही इथेच तपासा. एमडी स्कूल्सच्या सामाईक अर्जात, ज्याला सगळे अ‍ॅमकॅस म्हणतात, परदेशी ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजचं गुणपत्रक) साधारणपणे पडताळलं जात नाही, आणि बहुतेक स्कूल्सना विज्ञानाचे कोर्स अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजातच झालेले हवे असतात.

तपासा: अर्जाच्या वर्षी मुलाचा इमिग्रेशन स्टेटस काय असेल? ‘‘तोपर्यंत ग्रीनकार्ड येईल’’ हे उत्तर धरू नका. आलं तर आनंद, नाही आलं तर यादी वेगळी.

## २. पंधरा स्कूल्सचा तक्ता करा

‘प्रीमेड’ नावाची पदवी नसते. तो फक्त कोर्सचा एक संच आहे, आणि तोही सगळीकडे तंतोतंत सारखा नाही. बहुतेक ठिकाणी लागणारा गाभा असा:

- बायोलॉजी, दोन सेमिस्टर, लॅबसह
- जनरल केमिस्ट्री, दोन सेमिस्टर, लॅबसह
- ऑरगॅनिक केमिस्ट्री, दोन सेमिस्टर, लॅबसह (काही ठिकाणी एक सेमिस्टर चालतं)
- बायोकेमिस्ट्री, एक सेमिस्टर
- फिजिक्स, दोन सेमिस्टर, लॅबसह
- इंग्लिश किंवा लेखनाचे कोर्स, बहुधा दोन सेमिस्टर
- स्टॅटिस्टिक्स; काही ठिकाणी कॅल्क्युलस
- सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी

काही स्कूल्स आता कोर्सची यादी देतच नाहीत, कोणत्या क्षमता हव्यात एवढंच सांगतात. त्यानं हुरळून जाऊ नका. तुमचं मूल फक्त त्या दोन-तीन ठिकाणी अर्ज करणार नाही.

तक्ता करायची पद्धत: एमडी स्कूल्सची माहिती एएएमसी या मेडिकल स्कूल्सच्या संघटनेच्या ‘एमसार’ या सशुल्क डेटाबेसमध्ये मिळते. त्यात आपल्या राज्यातली सगळी आणि बाहेरची काही अशी पंधरा स्कूल्स निवडा. प्रत्येकीपुढे वरच्या यादीचे आठ रकाने आखा आणि लिहा: ‘आवश्यक’, ‘शिफारस’ की ‘उल्लेख नाही’. मग आणखी तीन रकाने: एपीची (हायस्कूलमध्येच केलेल्या कॉलेज पातळीच्या कोर्सची) क्रेडिट्स, म्हणजे कोर्स मोजायची एककं, चालतात का, कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचे) कोर्स चालतात का, ऑनलाइन लॅब चालते का. शेवटी प्रत्येक नोंद त्या स्कूलच्या स्वतःच्या पानावर जाऊन पुन्हा पडताळा, कारण नियम वर्षागणिक बदलतात. ‘शिफारस’ निम्म्याहून जास्त ठिकाणी दिसली, तर ती ‘आवश्यक’ समजायची.

टेक्सासमध्ये राहत असाल तर तक्ता वेगळा करा. तिथल्या सार्वजनिक स्कूल्सचा अर्जच निराळा असतो, टीएमडीएसएएस नावाचा. स्टॅटिस्टिक्स आणि इंग्लिश यांवर तिथे विशेष कटाक्ष असतो, आणि कायद्यानं राज्याबाहेरच्यांना जास्तीत जास्त १० टक्के जागा देता येतात. टेक्सासच्या मुलांना हा मोठाच फायदा आहे, पण इंग्लिशचा एक कोर्स राहिला म्हणून तो हातचा घालवलेले मी पाहिले आहेत.

सावधान: लॅबला बहुतेक कॉलेजांत वेगळा कोर्स-नंबर असतो. लेक्चर घेतलं म्हणजे लॅब आपोआप आली असं नाही.

## ३. साखळी मोजा

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, म्हणून इथे जरा थांबते.

वरच्या यादीतले बरेच कोर्स पुढेमागे करता येतात. सायकॉलॉजी कधीही घ्या. फिजिक्स दुसऱ्या वर्षी घ्या नाहीतर तिसऱ्या. पण केमिस्ट्रीचं तसं नाही. तिथे एकामागे एक अशी साखळी आहे:

जनरल केमिस्ट्री १, मग जनरल केमिस्ट्री २, मग ऑरगॅनिक १, मग ऑरगॅनिक २, मग बायोकेमिस्ट्री.

ही झाली पाच सेमिस्टर. आता दुसऱ्या टोकाकडून मोजा. कॉलेज संपल्याबरोबर मेडिकल स्कूलला जायचं असेल, तर अर्ज चौथ्या वर्षी नाही, तिसरं वर्ष संपता संपता करायचा असतो. अ‍ॅमकॅसचा अर्ज मे महिन्यात उघडतो, मेअखेरीपासून सादर करता येतो, आणि प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. म्हणजे अर्जापूर्वी हातात सहा सेमिस्टर. त्यातल्या सहाव्या सेमिस्टरमध्ये एमकॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची, आणि तिच्यात बायोकेमिस्ट्री भरपूर येते, म्हणून साखळी पाचव्यातच संपलेली बरी.

पाच सेमिस्टरची साखळी, पाचच सेमिस्टर हातात. पहिल्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्री १ घेतली नाही, तर उशीर तिथेच सुरू झाला.

आणि तो उशीर एका सेमिस्टरचा राहीलच असंही नाही. अनेक छोट्या कॉलेजांत जनरल केमिस्ट्री १ फक्त फॉलमध्येच (ऑगस्टअखेरीस सुरू होणाऱ्या सेमिस्टरला) असते, ऑरगॅनिक १ ही तशीच. फॉल चुकला की गाडी थेट पुढच्या फॉलला. पहिल्या फोनमधला ‘‘पुढच्या वर्षी घेतली तर’’ हा प्रश्न इतका महाग पडतो तो यामुळे.

साखळीची सुरुवात तर त्याच्याही आधी होते, आणि तिथेच सगळ्यात जास्त मुलं फसतात. प्रवेश मिळाल्यावर उन्हाळ्यात कॉलेज गणिताची प्लेसमेंट टेस्ट पाठवतं. मुलं ती सुट्टीत, सोफ्यावर लोळत, टीव्ही बघत देतात. गुण कमी आले की आधी प्रीकॅल्क्युलस करा म्हणून सांगतात, आणि कित्येक कॉलेजांत तेवढं गणित झाल्याशिवाय जनरल केमिस्ट्रीला बसूच देत नाहीत. एका संध्याकाळच्या आळसापायी वर्ष गेलं.

तपासा: कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये या पाचही कोर्सपुढे दोन गोष्टी लिहा: आधी काय झालेलं हवं, आणि कोणत्या सेमिस्टरला शिकवतात. काही ठिकाणी ऑरगॅनिक १ नंतर लगेच बायोकेमिस्ट्री घेता येते; तसं असेल तर एक सेमिस्टर वाचतं. पण ते कॅटलॉगमध्ये वाचून घ्या, वरच्या वर्गातल्या मुलाच्या सांगण्यावरून नको.

साखळी पाचात बसत नसेल तर? एक वर्ष मधे घ्यायचं. निम्म्याहून बरीच जास्त मुलं आज कॉलेजनंतर निदान एक वर्ष थांबूनच मेडिकल स्कूलला जातात. त्यात कमीपणा नाही. ते वर्ष आधी ठरवून घेतलं तर कामी येतं. नाइलाजानं घ्यावं लागलं की घरात सुतक असल्यासारखे सगळे वावरतात.

## ४. एपी आणि हायस्कूलमधले कॉलेज-कोर्स

आपल्या घरांतून मुलं आठ-आठ एपी करून येतात आणि पहिला प्रश्न असतो, केमिस्ट्री वगळून थेट ऑरगॅनिकला बसू का?

एपी केमिस्ट्रीला ५ आलेत म्हणून कॉलेज परवानगी देतं. पण मेडिकल स्कूल एपी मानेलच असं नाही. काही मानतात, काही म्हणतात की मानतो पण त्याच विषयातला वरचा कोर्स करून दाखवा, काही मानतच नाहीत. दुसऱ्या टप्प्यातला तक्ता इथे उघडा.

माझं स्वतःचं मत: कॅल्क्युलस, इतिहास, अर्थशास्त्र यांची एपी क्रेडिट्स खुशाल वापरा आणि मोकळा झालेला वेळ कामी लावा. बायोलॉजीचं क्रेडिट घेतलंत तर वरचे दोन बायोलॉजी कोर्स करा. केमिस्ट्रीचं मात्र सोडून द्या आणि जनरल केमिस्ट्री पहिल्यापासून करा. कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला घर सुटलेलं, झोप उडालेली, आणि समोर ऑरगॅनिक. ही मुलं मी लॅबमध्ये बघते. त्यांच्यातली काही झकास पार पडतात. बाकीच्यांचं पहिलंच पान डागाळतं.

सावधान: हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेले ड्युअल एन्रोलमेंटचे कोर्स हे एपीसारखे नसतात. एपीची ग्रेड जीपीएत, म्हणजे ग्रेडांच्या ४.० पैकीच्या सरासरीत, धरत नाहीत. ड्युअल एन्रोलमेंटची धरतात. अकरावीत ‘‘सहज’’ म्हणून घेतलेल्या कोर्सला सी आला असेल, तर तो मेडिकल स्कूलच्या अर्जात सहा वर्षांनीही तिथेच बसलेला असतो. ते ट्रान्सक्रिप्टही पाठवावंच लागतं.

## ५. मेजर: एकच कसोटी

मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय. कोणताही मेजर चालतो. बायोलॉजीवाल्यांची संख्या सगळ्यात मोठी, पण त्यांना झुकतं माप नाही. इतिहास, संगीत, गणित करून वरचे कोर्स पूर्ण केलेली मुलं व्यवस्थित प्रवेश मिळवतात.

कसोटी अशी: डॉक्टर व्हायचंच नाही असं उद्या ठरलं, तर हा मेजर तरीही पूर्ण करावासा वाटेल का? हो असेल तर घ्या.

आपल्याकडे बायोमेडिकल इंजिनीअरिंगचं फार वेड. ‘‘डॉक्टर नाही झाली तर इंजिनीअर तरी होईल.’’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण इंजिनीअरिंगच्या आवश्यक कोर्सनी चारही वर्षं गच्च भरलेली असतात, साखळी त्यात कोंबावी लागते, आणि मेडिकल स्कूल जीपीए बघताना ‘‘बिचारीनं अवघड मेजर घेतला होता’’ म्हणून फारशी सूट देत नाही. मुलीला इंजिनीअरिंगच आवडत असेल तर जरूर. विमा म्हणून नको.

## ६. सेमिस्टरवार मांडणी

एका सेमिस्टरला १२ क्रेडिट्स म्हणजे पूर्णवेळ, १५ ही सरासरी. लॅब कागदावर एक क्रेडिट असते, पण आठवड्याला तीन-चार तास आणि वर रिपोर्टचे तास खाते. म्हणून क्रेडिट्सच्या आधी लॅब मोजा.

साधारण कॉलेजातल्या, साधारण तयारीच्या मुलासाठी मी ही मांडणी सुचवते:

पहिलं वर्ष, फॉल. जनरल केमिस्ट्री १ आणि लॅब, गणित किंवा स्टॅटिस्टिक्स, लेखनाचा कोर्स, सायकॉलॉजी. लॅब एकच. कॉलेज अ‍ॅडव्हायझर बायोलॉजीही घ्या म्हणेल; हायस्कूलमधली तयारी पक्की असेल तर घ्या, नाहीतर एक सेमिस्टर थांबा. मात्र बायोलॉजी १ फॉललाच असेल तर ती दुसऱ्या वर्षी न्यावी लागेल, आणि तेही चालतं.

पहिलं वर्ष, स्प्रिंग. जनरल केमिस्ट्री २, बायोलॉजी १, लेखनाचा दुसरा कोर्स, आणि मनासारखा एक.

दुसरं वर्ष, फॉल. ऑरगॅनिक १, बायोलॉजी २, सोशिऑलॉजी, मेजरचा एक.

दुसरं वर्ष, स्प्रिंग. ऑरगॅनिक २, स्टॅटिस्टिक्स राहिलं असेल तर ते, मेजरचे दोन. या सेमिस्टरला दुसरी लॅब शक्यतो नको. ऑरगॅनिकच्या मध्यावर सगळ्यांचाच दम निघतो.

तिसरं वर्ष, फॉल. बायोकेमिस्ट्री, फिजिक्स १, मेजर.

तिसरं वर्ष, स्प्रिंग. फिजिक्स २, आणि बाकी हलकं. हे एमकॅटचं सेमिस्टर आहे. इथे १७ क्रेडिट्स घेणं म्हणजे लग्नाच्याच दिवशी घराला रंग काढणं.

फिजिक्सचे बहुधा दोन प्रकार असतात, अल्जेब्राचा आणि कॅल्क्युलसचा. बहुतेक मेडिकल स्कूल्सना अल्जेब्राचा पुरतो, आणि एमकॅटच्या फिजिक्सलाही कॅल्क्युलस लागत नाही. मेजरची सक्ती नसेल तर उगाच शूरपणा करू नका.

सावधान: ऑरगॅनिक उन्हाळ्यात उरकायचा मोह सगळ्यांना होतो. पंधरा आठवड्यांचा विषय सहा-आठ आठवड्यांत, तोही घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात. वेळ वाचतो, पण ‘‘अवघड कोर्स बाहेर जाऊन सोपा करून घेतला’’ असं त्यातून वाचलं जाऊ शकतं. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सोशिऑलॉजी करा, स्टॅटिस्टिक्स करा.

तपासा: प्रत्येक सेमिस्टरला आठवड्याचे चार-सहा तास मोकळे आहेत का? हॉस्पिटलमधलं स्वयंसेवी काम, डॉक्टरांबरोबर शॅडोइंग (त्यांच्यासोबत राहून काम बघणं) हे त्यातूनच निघायचं आहे. वेळापत्रकात जागा नसेल, तर ते होत नाही.

## ७. नावनोंदणीच्या आठवड्यात

थोडक्यात. आपली नोंदणीची वेळ कोणत्या मिनिटाला उघडते ते कॅलेंडरमध्ये टाका. लॅबची सेक्शन आधी धरा, लेक्चर नंतर. जागा लॅबच्याच संपतात. दोन पर्यायी वेळापत्रकं तयार ठेवा. वेटलिस्टवर नाव आलं तर पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा.

आणि एक अगदी साधी चूक: विज्ञानाचा आवश्यक कोर्स पास-फेल पद्धतीनं घेऊ नका. ‘पास’ म्हणजे जीपीएला धक्का नाही एवढंच मुलांना दिसतं. मेडिकल स्कूलला मात्र तिथे अक्षर हवं असतं, आणि बहुतेक ठिकाणी ते निदान सी तरी लागतं.

## ८. पहिल्या परीक्षेनंतरचा निर्णय

जनरल केमिस्ट्रीचा पहिला मिडटर्म साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात होतो. तो पडला, की घरात दोनच प्रतिक्रिया दिसतात: ‘‘जास्त अभ्यास कर’’ किंवा ‘‘झेपत नसेल तर सोड.’’ दोन्हींच्या आधी कॅलेंडर उघडा.

तिथे दोन तारखा असतात. पहिली अ‍ॅड-ड्रॉपची, बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. तोवर कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूणही राहत नाही. दुसरी विथड्रॉची, सेमिस्टरच्या मध्यानंतर कधीतरी. तोवर सोडला तर डब्ल्यू लागतो. डब्ल्यू जीपीएत मोजत नाहीत. एखादा डब्ल्यू असला तर कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही. तीन-चार असले की प्रश्न विचारतात.

आता हिशेब करा. समजा चार क्रेडिट्सच्या केमिस्ट्रीत सी आला, म्हणजे २.०. कोर्स पुन्हा केला, ए आला, म्हणजे ४.०. बरीच कॉलेजं जुनी ग्रेड बदलतात, ट्रान्सक्रिप्टवर ४.० दिसतो, आईबाबा सुटकेचा श्वास टाकतात. अ‍ॅमकॅस मात्र दोन्ही ग्रेड मोजतं: आठ क्रेडिट्सवर ३.०. डीओ स्कूल्सच्या अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीची जागा घेत असे. २०१७ पासून तेही बंद झालं.

म्हणून मिडटर्म पडल्यावरचा क्रम असा ठेवा:

१. त्याच आठवड्यात प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना जायचं आणि उत्तरपत्रिका समोर ठेवून विचारायचं की चुकलं कुठे. मुलं जात नाहीत. लाजतात. खरं तर तो तास रिकामाच असतो; मी दर गुरुवारी एकटी बसलेली असते.

२. उरलेल्या गुणांचा हिशेब: यापुढे सगळं नीट झालं तर जास्तीत जास्त काय ग्रेड येऊ शकते?

३. उत्तर बी किंवा वर असेल तर टिकून राहा. सी किंवा खाली असेल आणि दुसरा मिडटर्मही तसाच गेला, तर विथड्रॉच्या तारखेआधी अ‍ॅडव्हायझरला भेटून निर्णय घ्या.

४. विथड्रॉ करताना क्रेडिट्स १२ च्या खाली जातात का ते बघा. शिष्यवृत्ती, विमा आणि एफ-१ व्हिसा या तिन्हींना त्याचा फटका बसू शकतो.

सावधान: क्रेडिट्सचा हिशेब व्हिसावाल्यांनी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय करूच नये.

## ९. दर सेमिस्टरला जीपीए दोनदा मोजा

मेडिकल स्कूल दोन जीपीए बघतं. एक सगळ्या कोर्सचा. दुसरा फक्त बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा. स्टॅटिस्टिक्स गणितात जातं, न्यूरोसायन्स बायोलॉजीत. सायकॉलॉजी, न्यूट्रिशन, इंजिनीअरिंग दुसऱ्यात येत नाहीत. सायकॉलॉजीच्या ए ग्रेडांनी एकूण जीपीए वर गेला आणि विज्ञानाचा खालीच राहिला, हे बऱ्याच घरांत अर्ज भरताना कळतं.

अलीकडच्या वर्षांत एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास आणि एमकॅट ५११-५१२ च्या आसपास आहे. वर्षाला पन्नास हजारांवर अर्जदार, आणि जागा सुमारे २३ हजार.

‘‘पहिली दोन वर्षं जरा कमी पडली, पुढे भरून काढेल’’ असं म्हणण्याआधी हे करून बघा. पहिल्या दोन वर्षांत ६० क्रेडिट्सवर ३.२. तिसऱ्या वर्षी ३० क्रेडिट्स, सगळीकडे ए. अर्जाच्या वेळचा जीपीए ३.४७. सगळीकडे ए मिळवूनही. चौथं वर्षही तसंच गेलं तर ३.६. अशा मुलानं चौथं वर्ष पूर्ण करून मगच अर्ज करावा, आणि हे तिसऱ्या वर्षाच्या फॉलमध्येच ठरवावं.

## १०. एमकॅटला बसण्याआधी

एमकॅटचे चार भाग, प्रत्येकी ११८ ते १३२ गुण, एकूण ४७२ ते ५२८. कोर्सचा क्रम ठरवायला त्याची विभागणी फार उपयोगी पडते:

- केमिस्ट्री-फिजिक्सच्या भागात जनरल केमिस्ट्री ३० टक्के, बायोकेमिस्ट्री २५, फिजिक्स २५, ऑरगॅनिक १५, बायोलॉजी ५.
- बायोलॉजीच्या भागात बायोलॉजी ६५ टक्के, बायोकेमिस्ट्री २५, दोन्ही केमिस्ट्री ५-५.
- वर्तनशास्त्राच्या भागात सायकॉलॉजी ६५ टक्के, सोशिऑलॉजी ३०, बायोलॉजी ५.
- चौथा भाग नुसता वाचनाचा आणि तर्काचा. त्याला कोणताच विषय नाही.

बायोकेमिस्ट्री दोन भागांत पाव-पाव हिस्सा घेऊन बसली आहे. तो कोर्स व्हायच्या आत परीक्षा देऊ नका. आणि ज्याच्यापायी दोन सेमिस्टर रक्त आटवलं, त्या ऑरगॅनिकचा वाटा बघून मुलं खट्टू होतात. तरी ते चुकत नाही. त्याच्याशिवाय बायोकेमिस्ट्रीच्या वर्गात बसता येत नाही.

आपली मुलं चौथ्या भागात अडकतात. तो दोन महिन्यांच्या क्लासनं सुधारत नाही. पहिल्या वर्षीच तत्त्वज्ञान, साहित्य, इतिहास यांतला भरपूर वाचायला लावणारा एक कोर्स घ्यायचा, तो याच्यासाठी. ‘‘हे कशाला, याचा काय उपयोग’’ असं म्हणून तो काढून टाकणारे आईबाबा मला भेटतात. मीही एकदा म्हटलं होतं, माझ्याच मुलाला.

तपासा: परीक्षा एका वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते. बसून मग गुण रद्द केले, तरी तो प्रयत्न मोजला जातो. सरावासाठी म्हणून खरी परीक्षा द्यायची नाही.

## ११. शिफारसपत्रांची सोय कोर्समधूनच

बऱ्याच स्कूल्सना विज्ञानाच्या दोन आणि विज्ञानाबाहेरच्या एका प्राध्यापकाचं पत्र लागतं. तीनशे मुलांच्या लेक्चरमधल्या प्रोफेसरांना तुमच्या मुलीचं नावही माहीत नसतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वीस-पंचवीस मुलांचा निदान एक विज्ञानाचा वर्ग मुद्दाम निवडा. पत्र कोर्स संपतानाच मागा. दोन वर्षांनी ईमेल आली, तर मलासुद्धा आधी फोटो बघावा लागतो.

कॉलेजमध्ये प्री-हेल्थ कमिटी असेल, तर तिचं एकत्रित पत्र मिळतं, पण तिच्या तारखा अर्जाच्या कित्येक महिने आधीच्या असतात. त्या पहिल्याच वर्षी लिहून ठेवा.

## १२. अर्ज गेल्यानंतरचं शेवटचं वर्ष

अ‍ॅमकॅसमध्ये झालेले कोर्स तर भरायचे असतातच, पण चालू असलेले आणि पुढे घेणार असलेलेही भरायचे असतात. तिथे ‘फिजिक्स २, स्प्रिंग’ असं लिहिलं असेल, तर ते त्या स्प्रिंगला झालंच पाहिजे. प्रवेश मिळाल्यावर वेळापत्रक बदलायचं ठरलं, तर आधी मेडिकल स्कूलच्या प्रवेश कार्यालयाला लेखी विचारा, उत्तर येऊ द्या, मगच कोर्स सोडा. जूनमध्ये शेवटचं ट्रान्सक्रिप्ट मागवतात, आणि ते आधीच्या यादीशी ओळीनं ओळ ताडून बघतात.